मरणसम्राट मनिरामभाऊ

मी नवेगाव बांधच्या शाळेत बदलून आले त्या सकाळी आमचे शेजारी अंगणात मरून पडले होते.

सामानाचा टेम्पो अजून दारातच उभा होता. मी कुंपणावरून डोकावले, तर साठी उलटलेला एक मिशाळ माणूस पाठीवर पडलेला, डोळे आभाळाला लागलेले, एक हात छातीवर आणि दुसरा सारवलेल्या जमिनीवर काहीतरी शोधत असलेला. मी अशी किंचाळले की टेम्पोवाला माझं कपाट तसंच सोडून धावत आला. तेवढ्यात घरातून एक बाई खराटा घेऊन बाहेर आल्या आणि मृतदेहाला म्हणाल्या, "अजी, थोडं तिकडं सरका. मले झाडाचं हाय."

मृतदेह निमूटपणे तिकडं सरकला आणि पुन्हा मेला.

"नवीन मॅडम का वो तुमी?" बाईंनी मला विचारलं. "भेऊ नका. सीझन जवळ आला ना, प्रॅक्टिस करून राहिले."

हे मनिरामभाऊ, आणि त्या त्यांच्या बायको, भागरथावहिनी. भाऊ आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे नट. धान कापून झालं की इकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घराघरात पाहुणे येतात, आणि मंडईला नाटक हवंच. ते उजाडेपर्यंत चालतं. भाऊ वडशाच्या ज्या नाटक कंपनीत आहेत तिच्याकडे पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक अशी सगळी नाटकं कायमची बसवून तयार असतात. गाव मागेल ते लावायचं. नाटक कोणतंही असो, भाऊ त्यात मरतात. पौराणिकात बाण लागून, ऐतिहासिकात तलवारीनं आणि सामाजिकात हार्ट अटॅकनं. पोस्टरवर विनोदसम्राटाच्या शेजारी त्यांचा फोटो असतो आणि खाली ठळक अक्षरांत "मरणसम्राट मनिराम". नाटक ठरवायला गावातून फोन आला की पहिला प्रश्न असतो, "मनिराम मरते ना?"

सुरुवात त्यांनी भालदार म्हणून केली. राजाच्या मागे उभं राहायचं आणि पडदा पडला की भाला जागेवर ठेवायचा, एवढंच काम. एकदा लढाईत नायकाची लाकडी तलवार त्यांच्या बरगडीत खरीच बसली. भाऊ कळवळून पडले आणि पडल्यावर इतका वेळ तडफडले की नायकाचं भाषण राहून गेलं. लोक उठून उभे राहिले. "वन्स मोअर!" अशी आरोळी झाली. भाऊ उठले, धूळ झटकली, भाला पुन्हा हातात धरला आणि पुन्हा मेले.

"तवापासून जिता राहाचं कामच नाही पडलं मले," ते सांगतात.

मरण या विषयावर त्यांना बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर उभे राहिले की झालं सुरू. खडा मरण, बैठा मरण, बोलता मरण, सायलेंट मरण असे त्यांचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं प्रात्यक्षिक जागेवरच मिळतं. नव्या नटांवर त्यांचा फार राग. "हे पोट्टे माइक सोडून मरते! मंग तुमचे आखरीचे शब्द कोन आयकन? माइकखालीच पडाले पायजे." एका लेखकानं त्यांना मधुमेहानं मारायचं ठरवलं तर त्यांनी तालमीतच हरकत घेतली. शुगरचं मरण मागच्या रांगेतून दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं. शेवटी लेखकानं अटॅक दिला. आणि कोणी त्यांच्या कलेला हलक्यात घेतलं की ठरलेलं वाक्य, "जगून तं कोनीबी दाखवते. मरून दाखवा!"

गावात कोणी आजारी पडलं आणि भाऊ भेटायला गेले, तर घरचे त्यांना ओसरीवरच चहा देऊन वाटेला लावतात. ते आजाऱ्याकडे फार बारकाईनं पाहतात, अशी तक्रार आहे.

एकदा ते तलावाच्या पाळीवर सराव करत होते. मासे धरून परतणाऱ्या एका ढीवरानं नावेतून पाहिलं आणि बोंब ठोकली. बघता बघता पाळीवर अर्धं गाव जमलं, पोलीस पाटील आले, कोणी तोंडावर पाणी मारलं. भाऊंना सगळं ऐकू येत होतं. पण एवढी पब्लिक जमलेली असताना उठून बसणं त्यांच्या मनाला पटेना. शेवटी वहिनी आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उठा आता. भात थंडा होऊन राहिला." भाऊ उठले, लोकांना नमस्कार केला आणि वहिनींच्या मागोमाग घरी गेले.

अंगणातल्या आणि पाळीवरच्या मरणाचं वहिनींना काही वाटत नाही. लुंगी-बनियनवर मेलेला नवरा त्यांच्या लेखी लोळत पडलेला नवरा असतो. पण स्टेजवरचं त्यांनी फक्त एकदाच पाहिलं. हे त्यांनी मला सिंगाडे सोलता सोलता सांगितलं. नवीन लग्न झालेलं, नाटक म्हणजे काय हे धड माहीत नाही, आणि समोर रंगरंगोटी केलेला आपला माणूस रक्तानं माखून पडला. वहिनींनी हंबरडा फोडला आणि भर मांडवात हातातल्या बांगड्या फोडल्या. पब्लिकला वाटलं हाही नाटकाचाच भाग. मग एक जण हसला, मग सगळेच हसले आणि वन्स मोअरची आरोळी झाली.

"आनि हे उठले मॅडम," वहिनी सिंगाड्याकडे पाहत म्हणाल्या. "माझ्याकडं पायलं बी. आनि पुन्हा मेले."

त्यानंतर त्या कधी नाटकाला गेल्या नाहीत. भाऊ निघाले की डबा हातात द्यायच्या, "जातो नाही, येतो म्हना" म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

यंदा दिवाळीआधी भाऊ कुंपणापाशी आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, या साली आपल्या गावात मी मरत नाही."

मला वाटलं, तब्येतीचं काही असेल. तसं नव्हतं. गुडघा दुखतो, पडलं की उठवत नाही, आणखी किती सीझन निघतील देव जाणे, तेव्हा एकदा तरी तू नाटकाला ये, असं त्यांनी वहिनींना म्हटलं होतं. वहिनी म्हणाल्या, "मरनार नसान तं येईन." भाऊंनी लगेच हो म्हटलं. हो म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक मोटरसायकलवरून आले. यंदा गावानं मागितलेल्या सामाजिक नाटकात भाऊ बापाचं काम करणार होते. अंगणात जे भांडण झालं ते मी कपडे वाळत घालता घालता पूर्ण ऐकलं. कपडे दोनच होते, पण मी सावकाश घातले.

"अरे, बाप मेला नाही तं पोरगा सुधारन कसा? नाटक खतम कसं होईन?" मालक.

"ते तुमी पाहा. मी एका गावात जगतो म्हनून राहिलो, सगळीकडं नाही."

"पब्लिक काऊन येते? तुमाले पाहाले येते का जिते?"

बरीच आदळआपट होऊन तोड निघाली. फक्त नवेगावात बाप वाचेल. पण पब्लिक बिघडली तर त्याच सकाळी दुसरा बाप शोधायचा आणि भाऊंनी घरी बसायचं. ज्या माणसानं सगळं आयुष्य त्या कंपनीत काढलं त्यानं ही अट मान डोलवून कबूल केली. मालक गेल्यावर मात्र ते बराच वेळ ओट्यावर गुडघा चोळत बसून होते.

पुढची अडचण माझ्या अंगावर आली. भाऊंना जगायचं कसं ते माहीतच नव्हतं. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मरायचं आणि मग मेकअपच्या खोलीत चिवडा खात बसायचं, ही जन्मभराची सवय. स्वतःच्या एकाही नाटकाचा शेवट या माणसानं पाहिलेला नव्हता!

"मंग त्या पोरीचं लगन झालं का?" त्यांनी मला एका जुन्या नाटकाबद्दल विचारलं. ते मी गेल्या साली पाहिलं होतं.

"झालं की. आणि लग्न झाल्यावर ती तुमच्या फोटोला हार घालते."

"माझ्या फोटोले?" भाऊंचा चेहरा उजळला. "स्टेजवर माझा फोटो लावते? कोनी सांगतलंच नाही!"

मग आमची तालीम सुरू झाली. मी शिक्षिका, तेव्हा वाचलेल्या बापासाठी एक चांगलं पानभर भाषण लिहून दिलं. भाषणापर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही. मुलगा बापाला घराबाहेर काढतो तिथं आलो की भाऊंचा हात आपोआप छातीवर जायचा, गुडघे वाकायचे आणि मी ओरडायची, "भाऊ, जिवंत राहा!"

"पन जिता मानूस आखरीच्या अंकात करते तरी काय?" ते वैतागून म्हणाले.

"काही नाही. बसतो, बोलतो, जेवतो."

"एवढंच?" त्यांची फार निराशा झाली.

मंडईचं नाटक शेवटच्या अंकाला आलं तेव्हा उजाडायला लागलं होतं. स्टेजवरचे दिवे फिके पडले होते आणि मांडवाबाहेर कावळे ओरडत होते. वहिनी खरंच आल्या होत्या. बायकांच्या बाजूला, माझ्याशेजारी, शाल घट्ट लपेटून बसल्या होत्या. मुलगा बापावर ओरडला, "निघा माझ्या घरातून!" भाऊ माइकखाली येऊन उभे राहिले. ऑर्गनवाल्यानं सवयीनं मरणाचे सूर धरले. भाऊंचा हात छातीवर गेला आणि वहिनींनी माझं मनगट धरलं.

"मरा भाऊ, मरा!" मागून कोणीतरी ओरडलं. मग शिट्ट्या झाल्या, मग सगळा मांडवच ओरडायला लागला. विंगेतून मालक डोळे वटारून पाहत होते. हात छातीवर तसाच. मला वाटलं, मेला हा माणूस. एवढी पब्लिक बोलावते आहे, हा कसला राहतो!

भाऊंनी बायकांच्या बाजूला पाहिलं. मग हात छातीवरून काढून पोटावर ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, भूक लागली वो. वाढतेस का?"

माझ्या भाषणातला एक शब्दही नव्हता. ऑर्गन थांबला. सून झालेली नागपूरची नटी हुशार, तिनं पहिल्या अंकातलं रिकामं ताट आणून ठेवलं. भाऊ मांडी घालून बसले आणि जेवायला लागले. नसलेला भात कालवला, नसलेली मिरची चावली, हाय हाय करत पाणी प्याले, पुन्हा वाढ म्हणाले. मरायला घ्यायचे तेवढाच वेळ त्यांनी जेवायला घेतला. आधी लोक हसले, मग हळूहळू गप्प झाले. मुलाचं काम करणाऱ्या नटाला काय करावं कळेना. शेवटी तो बापाशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मलेबी वाढ." बापानं आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि मालकांनी घाईघाईनं पडदा सोडला.

टाळ्या बऱ्या पडल्या. काही पोरं "फसवलं बे, मेलाच नाही," म्हणत गेली. पण पब्लिक बिघडली असं काही म्हणता आलं नसतं, आणि मालकही तसं म्हणाले नाहीत.

मांडव रिकामा होत होता तेव्हा भाऊ चेहऱ्यावरचा रंग तसाच ठेवून आले आणि गुडघा सांभाळत वहिनींच्या शेजारी बसले.

"कसं वाटलं?"

"घरी तं एवढं हावभाव करून नाही जेवत," वहिनी म्हणाल्या.

भाऊ हसले. मग खाली बघत म्हणाले, "एक सांगू का भागरथा? एवढ्या गावात मेलो. लोकं धाय मोकलून रडले. मरतानी मी दर वेळेस बायकायच्या बाजूनं पायतो. घरचं मानूस एकदाबी दिसलं नाही."

मरतानाची ती नजर मी कितीदा पाहिली होती आणि काय अभिनय करतात म्हणून त्यांचं कौतुकही केलं होतं.

वहिनींनी बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक ओलं केलं आणि त्यांच्या कपाळावरचा रंग पुसायला घेतला.

"उद्या कुठं हाय नाटक?"

"दवनीवाड्याले."

"मालक काय म्हनते?"

"म्हनते, तिथं मरा लागते."

वहिनी बराच वेळ कपाळ पुसत राहिल्या. तिथं आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मंग मीबी येईन," त्या म्हणाल्या. "मरतानी घरचं मानूस जवळ पायजे."

मी सतरंजीची घडी केली आणि पुढे निघाले.