आईच्या मरणाचं पुरं संगीत

गुरुदास सिनेमा ऐकायला जात. बघायला जानकी जायची.

दिवाळी झाली की मालवणात गंगारामचा फिरता तंबू लागे. नवरा-बायको घरून नीटनेटकी होऊन एकत्र निघत, तंबूच्या दारापर्यंत एकत्र जात. तिथून जानकी बायकांत जाऊन बसे आणि गुरुदास वळसा घालून पडद्यामागे. आवाजाचा मोठा कर्णा पडद्यामागे असायचा आणि त्याला खेटून गुरुदासांची खुर्ची. पडदा मागून बघितल्यामुळे त्यांच्या लेखी सगळे नायक डावखुरे होते आणि पाट्यांवरची अक्षरं उलटी. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती संगीताबद्दल.

बंदरावर त्यांची कौलांची वखार होती. मंगळुरी कौलांचा भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला भावाच्या आधी गुरुदासांचं मत ऐकावं लागे. मत असं, की गाणी म्हणजे नुसतं लोणचं. खरं जेवण म्हणजे प्रसंगाच्या मागे जे वाजतं ते. तबकड्या काढणारे गाण्याचं एक कडवं गिळतात, आणि मागचं संगीत तर तबकडीवर घेतच नाहीत. त्याहून मोठे चोर सिनेमावाले. संगीतकार बिचारा घागरभर संगीत करतो आणि हे त्यातलं पळीभर वाढतात. व्हायोलिन आत्ता कुठे तोंड उघडतंय, तोवर ह्यांचा प्रसंग आटोपलेला.

नुसतं मत देऊन गुरुदास थांबले नव्हते. चर्चमध्ये गाणाऱ्यांना शिकवणारे रोझारियो मास्तर दर रविवारी प्रार्थना आटोपून व्हायोलिन घेऊन वखारीत येत आणि दोघे मिळून सिनेमातलं राहिलेलं संगीत पुरं करत. त्या वर्षीच्या सिनेमात नायकाची आई मरत होती, आणि मरताना जे व्हायोलिन वाजत होतं ते गुरुदासांच्या जिवाला चटका लावून अर्ध्यात तुटत होतं.

"इतक्या बऱ्या बाईक मराक एवढोच वेळ?" ते मास्तरांना म्हणाले. "आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याक मिरगापासून दिवाळीपर्यंत वेळ लागलो."

मास्तरांनी मान डोलावली आणि पुढचे रविवार दोघांनी त्या आईला मनसोक्त मरू दिलं.

हे सगळं वखारीतच राहतं तर बरं होतं. पण एका संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी गुरुदास यंत्र चालवणाऱ्या भाईकडे गेले. आईच्या प्रसंगाला आवाज थोडा चढव, एवढंच त्यांना सांगायचं होतं. कुठली कळ फिरवायची ते त्यांनी छत्रीच्या टोकाने दाखवलं. छत्रीचं टोक आत शिरलं आणि काच फुटल्याचा बारीक आवाज झाला. यंत्रात एक लहानसा दिवा असतो; त्याचा उजेड फितीच्या कडेतून जातो तेव्हा आवाज निघतो. तो दिवा गेला. जोडीचा दिवा आधीच बैलगाडीत फुटला होता. नवा यायचा तो मुंबईहून, आगबोटीने.

बाहेर तंबू गच्च भरला होता. देवबागची माणसं होड्या घेऊन आली होती, पोरंबाळं आणि चटया घेऊन, आणि भरती आल्याशिवाय त्यांना परत जाता येणार नव्हतं. गंगारामच्या तोंडचं पाणी पळालं. आरोंद्याला एकदा फीत जळाली होती तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला नव्हता, शांतपणे तंबूच सोडून घरी नेला होता. त्याच्या कापडाची शिडं खाडीत अजून दिसतात म्हणे.

गुरुदास क्षणभर पांढरे पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं तेज चढलं, की गंगाराम आणखीच घाबरला. कर्णा चालू होता, गावात जाहिरात करायचा माईक चालू होता. गुरुदासांनी वखारीतला गडी पिटाळून रोझारियो मास्तरांना बोलावलं, चर्चच्या सणाला, फेस्ताला, बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्या बाबुशला बोलावलं, दशावताराच्या मृदंगावर बसणाऱ्या लवूला बोलावलं, आणि गाण्यांसाठी घरचा ग्रामोफोन मागवला. सगळा सरंजाम पडद्यामागे लागला. गंगारामने भाईला ताकीद दिली की आज शेट सांगतील तसं करायचं, आणि स्वतः पळायला बरं पडावं म्हणून तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसला.

तेव्हा भाईने विचारलं, "शेटनू, वाजवतलास तुमी. पण बोलतलो कोण?"

हे गुरुदासांच्या डोक्यातच आलं नव्हतं. सिनेमातलं बोलणं म्हणजे संगीताच्या मध्ये येणारी कटकट, अशीच त्यांची समजूत असल्यामुळे एक अक्षर त्यांना आठवत नव्हतं. शेवटी बायकांतून जानकीला उठवून आणलं. तिने तो सिनेमा आधी पाहिला होता. मात्र तो हिंदी होता आणि तिचा हिंदीशी संबंध नव्हता.

"माका हिंदी येना नाय," ती पदर खोचत म्हणाली. "पण तोंडा बघून कळता. तुमका इतकी वर्सा तशीच ओळखतंय."

खेळ सुरू झाला. पडद्यावर नायक घरात शिरला आणि कर्ण्यातून जानकीच्या आवाजात म्हणाला की आवशी, भूक लागली, पेज वाढ. तंबू एकदम गप्प झाला. आजवर लोकांनी सिनेमे अंदाजाने पाहिले होते. नायक काय म्हणतो ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. खलनायक आला तेव्हा बाबुशने त्याला येत होती ती चाल वाजवली. ती सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, मिरवणुकीची होती. त्यामुळे पुढे बसलेल्या सेवरीनाने आणि तिच्या सोबतच्या देवबागच्या बायकांनी खलनायकाला पाहून कपाळाला, छातीला, खांद्याला हात लावले. लवूने मारामारीला मृदंग असा घुमवला की नायक आता दशावतारातल्या संकासुराला लोळवणार असं वाटावं. कुठे काही अडलं नाही.

मग आई आजारी पडली. गुरुदासांनी घाम पुसला आणि मास्तरांना खूण केली. जानकीच्या आवाजातल्या आईने मुलाला जवळ बोलावून सांगितलं की आंब्याची कलमं काकाच्या घशात घालू नको. सिनेमात कलमं नव्हती, काकाही नव्हता, पण बायकांनी डोळ्यांना पदर लावले. व्हायोलिन आत्ता कुठे उठत होतं, तेवढ्यात आई मेली आणि रीळ संपलं.

यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लागत. गुरुदास तसेच धावत भाईकडे गेले आणि म्हणाले की तेच रीळ परत लाव. भाईला सांगितलेलं होतंच. त्याने लावलं. आई परत खाटेवर हालचाल करताना दिसली तेव्हा तंबूत आनंदाची लाट पसरली. आई वाचली असंच सगळ्यांना वाटलं.

जानकीने माईकवर हात ठेवला. "परत?"

"संगीत अर्धा ऱ्हवला."

"मगे मी काय बोलू? ताच ता परत बोलाक लाज वाटता."

"कायव बोल. लोक संगीत ऐकतत."

तेव्हा आई दुसऱ्यांदा मरताना म्हणाली की झिला, तुझो बापूस मेलो नाय, आफ्रिकेक गेलो. इतके दिवस तुला सांगायला मला धीर झाला नाही. तंबू सुन्न झाला. नायकही पडद्यावर योगायोगाने सुन्नच होता. पण ऐन रंगात मास्तरांच्या व्हायोलिनची तार तुटली आणि गुरुदास पुन्हा भाईकडे धावले.

तिसऱ्या खेपेला जानकीला नवीन काही सुचेना, म्हणून तिने मनातलं सांगून टाकलं. सिनेमात दोन मुली होत्या. नायिका होती ती सदा झाडाला धरून उभी. जानकीला ती आळशी वाटे. दुसरी डॉक्टरची मुलगी, निदान हातात औषधाची बाटली तरी घेऊन हिंडायची. मरणाऱ्या आईने मुलाकडून वचन घेतलं की तू डॉक्टरच्या चेडवाशी लग्न कर, त्या झाडाला धरून उभी राहणारीला पेजही शिजवता येत नाही. नायकाने मान खाली घातली. म्हणजे वचन दिलं. तंबूतल्या समस्त सासवांनी आईला मनोमन हात जोडले. संगीताचा शेवटचा भाग याही वेळी राहिला. गुरुदास चौथ्यांदा मागू लागले, पण गंगाराम धावत येऊन हाता-पाया पडला, की आता पुढे जा, नाहीतर माणसांना भरती चुकेल.

त्यामुळे सिनेमा पुढे गेला आणि जे व्हायचं तेच झालं. शेवटच्या रिळात नायकाने नायिकेच्या गळ्यात हार घातला.

पहिल्यांदा सेवरीना उठली. ती मोठी शांत बाई होती आणि शांतपणेच तिने पडद्याला विचारलं, "आवशीक दिल्लो शब्द खंय गेलो?"

मग सगळीच उठली. बायकांचं म्हणणं हे लग्न व्हायचं नाही. पुरुषांना आफ्रिकेतला बापूस हवा होता, आणि कलमांचं पुढे काय झालं असं एक म्हातारा सारखा विचारत होता. कुणी ओरडत नव्हतं, पण मागच्या अंगाला तंबूचं छप्पर हलकेच खाली आल्याचं गंगारामने पाहिलं. तिकडे दोऱ्या सुटू लागल्या होत्या. त्याला आरोंद्याची शिडं दिसायला लागली.

उपाय एकच होता. भाईने आईचं रीळ चौथ्यांदा लावलं. लोक खाली बसले. आईने डोळे उघडले आणि थकल्या आवाजात बोलली. "झिला, तापात माणूस कायव बडबडता. ता मनार घेव नको. तुका होया त्या चेडवाशी लगीन कर. कलमा आसत थंय आसत. आणि बापाशीचो सांगावो इलोहा, पुढच्या बोटीन येता."

इतकं मोकळं होऊन ती मेली, आणि या खेपेला मास्तरांनी आधीच सुरुवात केली असल्यामुळे व्हायोलिन उठलं, चढलं, घोटाळलं आणि अखेर टेकलं. आईच्या मरणाचं पुरं संगीत जगात पहिल्यांदा वाजलं. गुरुदासांच्या डोळ्यांना धारा लागल्या. बाहेर तंबूही हमसून हमसून रडत होता. त्यांना धन्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते वखार उघडून नेहमीपेक्षा लवकर बसले. येणारा जाणारा आईबद्दल बोलत होता. कोण म्हणालं दुसरं मरण चांगलं, कोण म्हणालं तिसऱ्याची सर नाही. गुरुदास वाट बघत राहिले. शेवटी देवबागचा एक होडीवाला कौलं बघायला आला, तेव्हा त्यांनी सरळच विचारलं की आवस मरताना मागे वाजत होतं ते कसं वाटलं.

होडीवाल्याने बराच विचार केला. "वाजी होता?" तो म्हणाला. "माका वाटला इंजिनातला त्याल संपला."

गुरुदासांनी त्याला कौलांचा भाव सांगितला. मत सांगितलं नाही.

आगबोट आली, दिवा आला, आणि सिनेमा आपल्या खऱ्या आवाजात सुरू झाला. मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत तंबूभर घुमलं. आई हिंदीत काहीतरी बोलली आणि मेली. लोक शहाण्यासारखे थांबले. दिवे लागले, पुढचं रीळ सुरू झालं, त्यात आईच्या फोटोला हार दिसला, तेव्हा मागून कोणीतरी विनवणीच्या सुरात म्हणालं, "तिका परत मराक दी रे." आणि मग सगळा तंबू एकच मागणं मागू लागला की आवाज बंद करा.

सकाळी गंगाराम गुरुदासांच्या घरी आला. ओटीवर गुरुदासांसमोर बसला, पण बोलला आतल्या दाराकडे तोंड करून. तंबू आता जामसंड्याला जायचा होता. तिथल्या लोकांचा आधीच निरोप आला होता, की मालवणात मेली ती आई आणणार असशील तर ये. आवाजाचा दिवा तो स्वतःच्या हाताने काढून ठेवणार होता.

"आणि संगीत?" गुरुदासांनी विचारलं.

आतून जानकी म्हणाली, "ऱ्हवांदे. मी श्वास घेतंय तेवा वायच वाजवतले."

तिसऱ्या दिवशी मास्तरांना, बाबुशला आणि लवूला घेऊन गुरुदास जानकीच्या मागोमाग जामसंड्याला गेले. नियम ठरला होता: गुरुदासांचा हात वर असेल तोवर कोणी वाजवायचं नाही, जानकी थांबली की हात खाली येईल आणि तेवढ्यात काय ते उरकून घ्यायचं. उभ्या जन्मात ज्या कात्रीला त्यांनी शिव्या घातल्या, ती आता त्यांच्याच हातात होती.

तंबू भरला होता. आई खाटेला लागली. गुरुदासांनी हात वर केला. मास्तरांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. जानकी माईकपाशी सरकली, पण बोलेना. कलमं, आफ्रिका, डॉक्टरची मुलगी, सगळं तिने वापरून झालं होतं. पडद्यावर आईने मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. जानकीने ते पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "झिला, जेवलंस?"

एवढंच. आईचा हात खाली पडला.

जानकी थांबली होती. मास्तर गुरुदासांच्या हाताकडे बघत होते, बाबुशचे गाल फुगलेले होते, लवूची बोटं मृदंगावर आलेली होती. पण हात खाली आला नाही. तो तसाच वर राहिला, रीळ फिरत राहिलं, तंबूत कोणी नाकसुद्धा ओढलं नाही, आणि दिवे लागले तेव्हाही गुरुदास हात वर धरूनच उभे होते.

रोझारियो मास्तरांनी व्हायोलिन खाली घेतलं. "गुरुदास, आमचा ऱ्हवला मरे," ते म्हणाले. "परत लावाक सांगूया?"

"सांगा," गुरुदास म्हणाले. मास्तरांनी व्हायोलिनचा गज उचलला तसा त्यांनी तो हाताने खाली दाबला. "संगीत नको. तिका परत एकदा विचारांदे."