डाव्या बाजूच्या मुळ्येबाई

मुळ्येबाई वळण्याआधी हात दाखवत. सायकलवर असताना दाखवत हे तर झालंच, पण पायी चालतानाही दाखवत. गणपतीच्या देवळात प्रदक्षिणा घालताना प्रत्येक कोपऱ्यावर त्यांचा उजवा हात ताठ बाहेर यायचा, आणि डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत मागून येणारे एक पेन्शनर दर मंगळवारी त्या हातावर आदळायचे.

"अहो बाई, हे देऊळ आहे," ते एकदा कळवळून म्हणाले.

"म्हणूनच सांगते. डोळे मिटायचे तर बसून मिटावेत. चालताना देवसुद्धा उघडे ठेवतो."

वेणूताई मुळ्ये इंदूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. लहानपणीच वैधव्य आलेलं. वडील होळकर दरबारात नोकरीला होते. त्यांनी लेकीला शिकवलं आणि नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून सायकल घेऊन दिली. पुढे वडील गेले, दरबार गेला, राज्याचं मध्यभारत झालं, पण सायकल राहिली. बाई नऊवारीत सायकल चालवत. कुणी भुवया उंचावल्या तर म्हणत, "अहो, हे लुगडं सायकलसाठीच निघालंय. घोड्यावर बसायचं म्हणून उगीच बोभाटा झाला."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. रस्ता सगळ्यांचा, घाई आपली एकट्याची. वर्गात म्हणत, पुलावर म्हणत, दूधवाल्याला म्हणत. तांगेवाल्यांसाठी त्याची खास इंदुरी आवृत्ती होती, भैयाचा भिया केलेली: "भिया, रस्ता सबका, जल्दी आपकी."

त्या काळी इंदुरात मोटारी मोजक्या, पण कृष्णपुऱ्याच्या पुलावर सकाळी जे काही एकत्र यायचं त्याला तोड नव्हती. मिलचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा. त्यात तांगे, हातठेले, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या भाजीवाल्या, म्हशी, शाळेला निघालेल्या मुली. उन्हाळ्यात मध्यभारताचं सरकार ग्वाल्हेरची राजधानी सोडून इंदूरला मुक्कामाला आलं की वरून साहेबांच्या जीपगाड्या. या सगळ्यात मुळ्येबाई एकट्या डाव्या बाजूनं, घंटी वाजवत, न डगमगता जात. पूल त्यांच्या नावावर असल्यासारख्या.

कन्हैयालाल नावाचा एक तांगेवाला मात्र रोज उजवीकडून यायचा. बाईंनी त्याला थांबवलं.

"बेनजी, घोड़ी को उधर की छाँव पसंद है," तो म्हणाला. "मैं तो लेफ्ट ही चलूँ, घोड़ी नहीं मानती."

"घोड़ी मानेगी. आप कब मानोगे वो बोलो."

दुसऱ्या दिवसापासून बाई पुलाच्या डाव्या कडेला ओंजळभर भिजवलेले हरभरे घेऊन उभ्या. आठ दिवसांत घोडी लांबूनच डावीकडे ओढायला लागली. पंधराव्या दिवशी कन्हैयालाल आमच्या दारात हजर.

"बेनजी, मेरी घोड़ी बिगाड़ दी आपने. सवारी का घर सीधे हाथ को हो तो भी नहीं मुड़ती. कल एक सेठजी को उनके घर के सामने से तीन बार निकाल के ले गई!"

बाई गंभीरपणे म्हणाल्या, "आता तिला वळायला शिकवू." आणि खरोखर पुढचा आठवडा उजव्या वळणाला हरभरे घेऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्या या गोष्टींना आम्ही हसायचो. पण एकदा मी त्यांना पुलावर बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. शाळेच्या चाळीसेक मुली रांगेनं पूल ओलांडत होत्या. मागून ग्वाल्हेरकडच्या कुणा साहेबांची मोटार आली. ड्रायव्हरनं हॉर्न धरला तो सोडेचना. रांग फुटली, दोन लहान मुली घाबरून तांग्याच्या चाकाकडे धावल्या. बाईंनी सायकल आडवी टाकली, एका हाती एकीची वेणी, दुसऱ्या हाती दुसरीचं दप्तर धरून दोघींना मागे खेचलं, आणि तशाच मोटारीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब खाली उतरले. "आप जानती हैं मैं कौन हूँ?"

"अभी नहीं," बाई म्हणाल्या. "आप इन लड़कियों के साथ पैदल पुल पार कीजिए. तब तक पहचान हो जाएगी."

मला वाटलं, बाईंची नोकरी गेली. साहेबांनी त्या दोन मुलींकडे पाहिलं. त्यातली एक अजून हुंदके देत होती. त्यांनी टोपी काढून ड्रायव्हरकडे दिली आणि मुलींच्या रांगेत शेवटून दुसरे उभे राहून पूल ओलांडला. त्यानंतर ती मोटार रोज पुलाच्या तोंडाशी थांबायची. मुली पलीकडे गेल्या की मगच निघायची, तीही हॉर्न न वाजवता.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण ते टाळून बाईंबद्दल पुढचं सांगता येत नाही. मला नुकतीच कचेरीत कारकुनी लागली होती आणि मी कोरी सायकल घेतली होती. सरकार ग्वाल्हेरला परतायची वेळ आली होती, फायलींचे गठ्ठे बांधायचे होते, आणि मला उशीर झाला होता. मल्हारगंजच्या वळणावर एक बाई डोक्यावर टोपली घेऊन समोर आली. मी ब्रेक दाबला तोवर ती पडली होती. रस्ताभर मेथी. ती घोटा धरून बसली होती. चार माणसं आमच्याकडे वळलेली दिसली. मी "माफ करना" असं काहीतरी पुटपुटलो आणि पायडल मारत सुटलो.

संध्याकाळी घरी आलो तर बाई पायरीवर वह्या तपासत होत्या.

"माधव, चेनमध्ये मेथी कशी रे?"

"मंडईतून आलो ना."

"तुझी आई आज दोडका चिरत होती."

मग मी सगळं सांगितलं. आता तासभर व्याख्यान होणार म्हणून मान खाली घातली. पण वर पाहिलं तर बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी वह्या तशाच टाकल्या, चपला घातल्या आणि एवढंच म्हणाल्या, "चल. आजच. उद्यावर टाकू नकोस."

दिवेलागणीच्या आधी आम्ही मल्हारगंजात पोचलो. पानवाल्याला विचारलं, चक्कीवाल्याला विचारलं. दोन गल्ल्या मागे एका खोलीत ती सापडली. नाव गेंदाबाई. घोटा सुजून टम्म झालेला, वर हळद बांधलेली. मी हात जोडून उभा राहिलो. तिनं मला ओळखलं.

"गिराया तो गिराया, भिया," ती म्हणाली. "भागा क्यों? मैं कोई खा जाती?"

तोवर बाई खाली बसून तिचा घोटा बघत होत्या. वैद्याकडे कोण नेणार, पाणी कोण भरणार, सगळं विचारून झालं. शेवटी गेंदाबाईची खरी काळजी बाहेर आली. मळ्यातून भाजी येणार, ती घेऊन बसायला कुणी नाही.

"ये लाएगा," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "और मैं बैठूँगी."

मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण ऐन दिवाळीच्या सुट्टीत मुळ्येबाई मल्हारगंजच्या कोपऱ्यात पोत्यावर बसल्या. मी सकाळी मळ्यातून टोपली आणून देत असे. विकण्याचं त्यांना बिलकूल जमेना. "मेथी घ्या" हे त्या "पाढे म्हणा" अशा सुरात म्हणत. गिऱ्हाईक दचकून पुढे जाई. त्यांच्या विद्यार्थिनींच्या आया येत, लाजून चूर होत आणि गरज नसताना दोन दोन जुड्या नेत. एका भगिनी मंडळात चर्चाही झाली म्हणे. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

आठवडा झाल्यावर गेंदाबाई काठी टेकत येऊ लागली आणि बाईंच्या शेजारी पाय लांब करून बसू लागली. तरी बाई यायच्या थांबल्या नाहीत. एका सकाळी मी मागे बसून जुड्या बांधत होतो. गिऱ्हाईक नव्हतं. बाई मेथीवर पाणी शिंपडत एकदम बोलायला लागल्या. गेंदाबाईशी, तिच्याकडे न बघता.

"गेंदाबाई, मैंने भी एक को गिराया था."

गेंदाबाईनं मान वळवली.

"नई-नई साइकिल थी. छावनी की तरफ. एक बाबा थे, हाथ में लोटा था. मेरे धक्के से गिर गए. लोग जमा होने लगे. सब मुझे देख रहे थे, बाबा को कोई नहीं. औरत और साइकिल पर! मुझे लगा, अब पिताजी साइकिल छीन लेंगे." त्यांनी पुन्हा मेथीवर पाणी मारलं. "तो मैं भाग गई. दूसरे दिन गई. फिर रोज गई, महीनाभर. किसी को मालूम नहीं था, वो कौन थे."

मी जुडी हातात धरून तसाच बसलो. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंनी ती कुणालाच सांगितली नव्हती. सायकल देणाऱ्या वडिलांनाही नाही.

गेंदाबाई म्हणाली, "अरे बेनजी, उठ के घर चला गया होगा बाबा. दो गाली दी होगी मेरे जैसी, और भूल गया होगा."

"आणि नसेल उठला तर?" बाई मराठीतच म्हणाल्या.

गेंदाबाईला मराठी येत नव्हती. पण तिनं पुन्हा समजूत घातली नाही. सुजका पाय सांभाळत ती पोत्यावरून हळूहळू सरकली आणि बाईंच्या खांद्याला खांदा लावून बसली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मेथी ताजी आहे का म्हणून विचारू लागलं. मी घाईनं उठलो.

गेंदाबाईनं हातानंच मला थांबवलं. "ठहर जा, भिया," ती म्हणाली. "अभी बेनजी को बैठने दे."