मायकेल, हिलरी आणि हणमंतशेठ

सोसायटीची पाण्याची टाकी कधी धुवायची, यावर ऑक्टोबरात आमची सभा भरली होती. सभा म्हणजे पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि अध्यक्षस्थानी निवृत्त सुभेदार. सुभेदारांनी येत्या रविवारचा प्रस्ताव मांडला. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून हणमंतशेठ उठले.

"टाकी शून्याव्या आठवड्यात धुवाय पायजे हुती," ते म्हणाले. "रविवारपास्नं पयला आठवडा लागतोय. पयल्या आठवड्यात कुणालाबी येळ नसतो."

"कसला पयला आठवडा?" सुभेदारांनी विचारलं.

"मायकेलचा," हणमंतशेठ म्हणाले, आणि एवढंही ठाऊक नसलेल्या माणसाकडे बघावं तसं सुभेदारांकडे बघून खाली बसले.

सुभेदार सीमेवर राहून आले आहेत, पण असला हल्ला त्यांच्यावर कधी झाला नसावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इथे साताऱ्यातच एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे ज्याचा अर्थ लागत नाही ते सगळं सोसायटीत माझ्याकडे येतं. आणि या प्रकरणात तर मी थोडा गुन्हेगारच होतो, कारण मायकेलशी हणमंतशेठची ओळख माझ्याच बैठकीच्या खोलीत झाली होती.

हणमंतशेठ मूळचे विट्याजवळच्या एका खेड्यातले. तिथल्या बऱ्याच पोरांसारखे तेही सोनं गाळायच्या कामाला लांब गेले, कोइमतूरला. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर, मग स्वतःच्या. दुकान पुतण्याकडे सोपवून मुलीच्या शिक्षणासाठी ते साताऱ्यात फ्लॅट घेऊन राहिले, तरी तोंडातलं तमिळ काही गेलं नाही. काही पटलं की ते अजून "सरी, सरी!" म्हणतात. तिकडे त्याचा अर्थ "बरं". इथे नवा माणूस पावसाच्या सरी आल्या की काय, म्हणून वर आभाळाकडे बघतो.

मुलगी अश्विनी हुशार निघाली. शिष्यवृत्ती मिळवून विलायतेतल्या एका फार जुन्या विद्यापीठात गेली, धातूंचा अभ्यास करायला. "मी सोनं वितळवलं, तिनं काय वितळवायचं ते तिचं ती बघंल," एवढंच हणमंतशेठ त्यावर बोलले. पण ती विमानात बसल्यानंतर दोनच दिवसांनी मोबाइल उघडा धरून माझ्या दारात उभे.

"आवं सर, हे जरा मराठीत सांगा. ह्यात पोरीचं सगळं वर्स हाय म्हणं."

त्या विद्यापीठाचं वेळापत्रक होतं ते. मी सांगू लागलो. वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. तीन सत्रं, प्रत्येक सत्र फक्त आठ आठवड्यांचं. पहिलं मायकेल नावाच्या देवदूताच्या सणावरून, दुसरं हिलरी नावाच्या संतावरून, तिसरं ट्रिनिटी.

"म्हंजे देवाधर्माच्या नावानं चालतं?" त्यांचा चेहरा उजळला. "मग काय काळजी न्हाई. आन ही तिसरी कोण?"

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन मिळून एकच देव."

"दत्त की वो!" हणमंतशेठ म्हणाले. "सरी, सरी!"

तेव्हापासून तिसऱ्या सत्राचं नाव दत्ताची टर्म पडलं. हिलरी हा संत पुरुष होता, हे मात्र त्यांना मी अजून पटवू शकलेलो नाही. "नाव बाईचं हाय, म्हंजे बाईच," यावर ते ठाम आहेत.

अडचण आली ती शून्याव्या आठवड्याची. सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्याला तिथे शून्यावा म्हणतात, हे कळल्यावर त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग त्याच्याही आधीचा आठवडा उणे एक असतो, हे मी वाचून दाखवलं.

"सर, वजा आठवड्यात माणूस जगतो कसा?"

मी वेळापत्रकात पुन्हा शोधू लागलो. तेवढ्यात त्यांनीच मला विचारलं, "आन तुमच्या कॉलेजाचं वर्स कवा चालू हुतं?"

"परिपत्रक आलं की."

"आन संपतं कवा?"

"दुसरं परिपत्रक आलं की."

त्यांनी माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहिलं. खरं सांगायचं तर आमचं वर्ष कधी सुरू झालं, हे आम्हाला ते संपत आल्यावर कळतं. प्रवेश गणपतीपर्यंत चालतात आणि परीक्षा कधी पुढे जातील याचा नेम नसतो. त्यामुळे आठशे वर्षं त्याच ठरावीक आठवड्यांवर चालणाऱ्या त्या संस्थेविषयी मलाही कुतूहल वाटू लागलं. पण मी त्याविषयी नुसतं वाचत होतो. हणमंतशेठ त्याप्रमाणे जगू लागले.

त्यांचा आठवडा रविवारी सुरू होई. दूधवाल्याला ते "तिसऱ्या आठवड्यापतुर अर्धा लिटरच टाक" म्हणत आणि दूधवाला बिचारा माझ्याकडे येई. साडूच्या मुलाचं लग्न जानेवारीत निघालं, तर "हिलरी बसायच्या आत उरका" असा निरोप गेला. तिकडच्या मंडळींना वाटलं, हा नव्या पंचांगातला कुठलासा वाईट योग असावा. त्यांनी तारीख खरोखरच अलीकडे आणली.

सगळ्यात अवघड असे पाचवा आठवडा. सत्राच्या मध्यावर, पाचव्या आठवड्यात, तिथली पोरं हमखास उदास होतात. काम साचलेलं असतं, अंधार लवकर पडतो, घर आठवतं. हे अश्विनीनेच पहिल्या सत्रात फोनवर सांगितलं होतं. "सगळ्यांनाच होतं पप्पा, त्यात काही नाही," ती म्हणाली होती. पण तिचा आवाज ऐकून सुमनकाकी, म्हणजे हणमंतशेठच्या पत्नी, दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

हिलरीच्या वेळी हणमंतशेठ तयारीत होते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी त्यांनी आम्हा पाच-सहा शेजाऱ्यांना घरी बोलावलं. कंदी पेढे पुढे केले आणि आम्हाला सोफ्यावर दाटीवाटीने बसवून सूचना दिल्या.

"आता व्हिडिओ लावतोय. सगळ्यांनी हसायचं. पाचव्याचं नाव काढायचं न्हाई. जेवलीस का, असं इचारायचं न्हाई. तसं इचारलं की ती रडती."

"मग विचारायचं काय?" सुभेदार म्हणाले.

"कायबी इचारा. पर आनंदात इचारा."

फोन लागला. पडद्यावर स्वेटर घातलेली अश्विनी आली. आम्ही सगळे एकदम हसलो. ती दचकली.

"काय झालं? सगळे का जमलेत? आई कुठाय?"

"आई हाय की! ही बघ!" हणमंतशेठनी सुमनकाकींना पुढे ढकललं. काकींना हसायला सांगितलं होतं, पण लेकीला बघून त्यांना ते जमेना. शेवटी सुभेदार छाती पुढे काढून आनंदात ओरडले, "अश्विनी, तुमच्याकडे पाण्याची टाकी कोण धुतं?"

ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले. त्यानंतर तिने आम्हाला खिडकीतून बाहेरचं दगडी अंगण दाखवलं, सायकली दाखवल्या. फोन ठेवल्यावर हणमंतशेठनी सुभेदारांचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

दत्ताची टर्म जूनमध्ये संपली. त्याआधीच त्यांनी तिच्या खोलीला रंग दिला होता. विट्याकडच्या पाहुण्यांना तिच्या भेटीला कधी यायचं ते सांगून ठेवलं होतं. टर्म संपली की मोठी सुट्टी, सरळ ऑक्टोबरापर्यंत. हिशेब स्पष्ट होता.

आणि एका रविवारी संध्याकाळी ते मोबाइल घेऊन पुन्हा माझ्याकडे आले. अश्विनीचा निरोप होता. प्रयोगशाळेतलं काम उन्हाळ्यातच करायचं असतं, म्हणून आत्ता येता येणार नाही.

"सर, हे बघा. इथं सुट्टी असंच लिवलंय न्हवं?"

मी वाचलं. लिहिलं होतं सुट्टीच. मग मी त्यांना समजावलं, की तिथे सुट्टीचा अर्थ वर्ग नसतात एवढाच. टर्ममध्ये पोरं व्याख्यानं ऐकतात आणि सुट्टीत खरा अभ्यास करतात. अश्विनीसारख्यांचं मोठं काम तर याच महिन्यांत होतं.

त्यांनी "सरी" म्हटलं नाही. मला त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर वर त्यांच्या घरी गेलो. ते गॅलरीत बसले. समोर अजिंक्यतारा ढगात गेला होता. काकींनी चहा आणून ठेवला.

"हणमंतशेठ, एवढं लावून घेऊ नका," मी म्हणालो. "आज ना उद्या येईलच की ती."

"आज ना उद्या, हेच वंगाळ हाय सर," ते म्हणाले. "मी सातवीतनं शाळा सोडून कोइमतूरला गेलो. दुकान दुसऱ्याचं. मालक सोडंल तवा गावाकडं यायचं. कवा दिवाळीला, कवा जत्रंला, कवा न्हाईच. पत्रात काय लिवणार? माझं मलाच ठाव नसायचं. आई रोज सांजच्या एसटीला फाट्यावर यिऊन उभी ऱ्हायची. शेजारच्या बाया हसायच्या तिला."

चहा निवत होता. त्यांनी कप उचलला नाही.

"आन मी खरंच उतरलो त्या दिशी फाट्यावर कुणीच न्हाई. तिला ताप भरला हुता. मी दारात गेलो, तर मला बघून खुश व्हायची सोडून रडायलाच लागली. आजच कशी आले न्हाई रं मी, एवढंच म्हणत हुती. मरोस्तर चुटपुट हुती तिला. कोण बी घरात आलं की तेच सांगायची." त्यांनी कप बाजूला सारला. "तारीख असली की वाट बघाय बरं पडतं, सर. म्हणून मी ते समदं पाठ केलं."

तेवढ्यात फोन वाजला. अश्विनी होती. हणमंतशेठनी घसा खाकरला, बाह्यांनी चेहरा पुसला आणि फोन उचलला. स्पीकर नेहमीप्रमाणे चालूच होता.

"पप्पा, रागावलात?"

"न्हाई गं. पर मला एक सांग, तुमच्यात सुट्टी म्हंजे नक्की काय असतंय?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. नुकतंच तर मी सगळं सांगितलं होतं. पण ते डोळे मिटून ऐकत होते आणि तिकडून अश्विनी पहिल्यापासून सांगत होती. ऑक्टोबरात वर्ष कसं सुरू होतं, तीन टर्म कुठल्या, कुठलीनंतर कुठली येते, सुट्टीत लोक काय करतात, आणि सप्टेंबरच्या शेवटी ती दोन आठवडे घरी कशी येणार आहे. मध्ये मध्ये ते म्हणत होते, "आसं व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई बघ."

मी न राहवून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सुमनकाकींनी खुणेनं मला गप्प केलं.

"दर रविवारी असंच इचारत्यात," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तेवढीच ती बोलती."

"तिला कळत नाही?"

"न कळायला काय झालं?" काकींनी पदराने कपाखालची बशी पुसली. "परवा मलाच म्हणली, आई, पप्पांना तारखा माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पर तू त्यांना सांगू नकोस."