उशा गोळा करणारी म्हातारी

रविवारच्या चहाला वाद पेटला तेव्हा बाजारपेठेतल्या चष्मेवाल्याने गप्प बसायला हवं होतं. एरवी तो बसतही असे. बायकोचे थोरले भाऊ, त्यातून भूगोलाचे निवृत्त मास्तर, त्यातून फिल्म क्लबचे अध्यक्ष. अशा माणसासमोर गप्प राहण्यातच मेहुण्याचं भलं असतं. पण त्या दिवशी दादांनी कपबशी खाली ठेवली आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकलं.

"पहिले पाच चित्रपट. तिथे तो दिग्दर्शक संपला. पुढे उरलं ते नुसतं धुकं."

दिग्दर्शक जगभर गाजलेला होता. सुरुवातीच्या चित्रपटांत त्याची माणसं धावायची, भांडायची, प्रेमात पडून गाड्या चुकवायची. उतारवयात त्याने कॅमेरा एका जागी ठेवला आणि तिथून उचलायचं तो विसरला, असं दादांचं मत होतं. क्लबचा चिटणीस, म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, शेजारी बसून मान डोलावत होता. अध्यक्षांची री ओढणं हेच चिटणिसाचं काम, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"धुकं कसलं, दादा," चष्मेवाला म्हणाला. "शेवटच्या चित्रपटातला तो प्रसंग आठवा. घरात पाणी भरलंय, आणि एक म्हातारी नाव वल्हवत या खोलीतून त्या खोलीत चाललीये. पाण्यावर उशा तरंगतायत. ती एकेक उशी उचलते, कानाला लावते, ऐकते आणि अलगद नावेत ठेवते. पहिल्या पाचांत आहे असं काही?"

चष्मेवाल्याची बायको कौतुकाने त्याच्याकडे बघत होती.

"मला नाही आठवत असा प्रसंग," दादा म्हणाले आणि औषधवाल्याकडे वळले. "तुम्हाला?"

आता, क्लबने तो चित्रपट दाखवला त्या दिवशी औषधवाला मध्यंतरातच पळाला होता, आणि ही गोष्ट त्याने आजवर कुणाला कळू दिली नव्हती. "आहे ना," तो घाईघाईने म्हणाला. "मध्यंतरानंतर येतो. फार सुंदर घेतलाय."

दादांची पंचाईत झाली. प्रसंग नाही म्हणावं, तर आपला डोळा लागला होता हे कबूल केल्यासारखं. "ओझरता आठवतो तसा," ते म्हणाले. "पण त्याने काही सिद्ध होत नाही. येत्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात सगळ्यांना पुन्हा दाखवू. जावईबापू, प्रसंग तुम्ही म्हणता तसा निघाला, तर माझं म्हणणं मी भर सभेत मागे घेईन."

चष्मेवाल्याने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. कारण तसा प्रसंग त्या चित्रपटात असण्याची शक्यता फारच कमी होती. गावाची नजर सुधारणारा हा माणूस सभागृहातले दिवे मालवले की झोपत असे. नुसता झोपत नसे, त्याला स्वप्नं पडत. दिग्दर्शकाचा एकही उत्तरार्धातला चित्रपट त्याने जागेपणी पाहिलेला नव्हता, आणि म्हणूनच ते त्याला फार आवडत. सुरुवातीच्या चित्रपटांत गोळीबार असे. तिथे झोप नीट लागत नसे.

वादात हरण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. भीती होती ती परतीच्या वाटेची. त्याची बायको हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोक विचारत आणि ती सांगे. संध्याकाळी घसा बसलेला, जीव विटलेला. मग घरात बोलणं व्हायचं ते गळक्या नळाचं नाहीतर गॅसच्या सिलिंडरचं. फक्त शनिवारी सिनेमाहून चालत परतताना ती त्याच्या कोपराला धरायची आणि म्हणायची, "हं, आता सांगा." मग तो आपलं स्वप्न चित्रपट म्हणून सांगत सुटायचा. बंद दुकानं मागे पडत, पूल येई, पुलाखालचं पाणी काळंभोर सरकत असे, आणि ती मध्येच हळूच म्हणे, "मग?" त्या 'मग?'च्या जोरावर तो पुढचा आठवडा काढत असे. शेजारी बसून तोच चित्रपट पाहिलेल्या बाईला तो पुन्हा कशाला ऐकायचा असतो, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. सुख चालू असताना असे प्रश्न माणसाला पडत नाहीत.

आता सभागृहात म्हातारी आली नाही, की ही वाट बंद.

इकडे औषधवाल्याला चेव चढला होता. एकदा खोटं बोलल्यावर ते खरं करण्यासाठी माणूस काय काय करतो! त्याने मोठं पोस्टर रंगवून घेतलं: निळं पाणी, लांबोडी नाव आणि पांढऱ्याशुभ्र उशा. ते दुकानाच्या दारात लागलं आणि औषधं न्यायला येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थबकू लागला. क्लबच्या चित्रपटाला ज्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, तेही म्हणू लागले, "उशांचा सिनेमा शनिवारीच ना?"

चष्मेवाल्याने दुपारी दुकान बंद करून तो चित्रपट घरी बघायचा प्रयत्न केला. खुर्चीत झोप लागली. मग तो उभा राहून बघू लागला आणि फ्रिजला टेकून उभ्याउभ्या झोपला. म्हातारी दोन्ही वेळा आली. दुसऱ्या वेळी तर तिने त्याला ओळखून मान हलवली.

शनिवारी तो दुकानातून भलत्याच नंबरचा एक चष्मा खिशात घालून गेला. तो लावला की कपाळ ठणकायला लागे, आणि कपाळ ठणकत असताना झोप येत नाही हा त्याच्या धंद्यातला अनुभव होता. सभागृह खच्चून भरलेलं. दिवे मालवले गेले. त्याने चष्मा चढवला, कपाळ ठणकू लागल्यावर तो नाकावर उतरवला आणि फ्रेमच्या वरून पडद्याकडे बघू लागला.

पडद्यावर एक माणूस खिडकीशी बसला होता. बाहेर धुकं होतं. किटली उकळू लागली, माणूस उठला, किटली उतरवून पुन्हा येऊन बसला. मग खूप वेळाने धुकं थोडं हललं. एवढ्यात चष्मेवाल्याच्या खांद्यावर काहीतरी टेकलं. बायकोचं डोकं. ती गाढ झोपली होती. पुढच्या रांगेत दादांची हनुवटी छातीला लागली होती, औषधवाला मंद सुरात घोरत होता. हळूहळू रांगाच्या रांगा कलंडल्या. किटलीच्या वाफेचा आवाज आणि सगळ्यांचे श्वास एकमेकांत मिसळून गेले, आणि त्या निळसर उजेडात साऱ्या सभागृहात तो एकटाच जागा उरला.

चित्रपट संपला. म्हातारी आली नव्हती, नाव नव्हती, पाणी होतं ते किटलीत तेवढंच.

दिवे लागताच सगळे दचकून सरळ बसले. दादांनी उभं राहून खाकरलं. त्यांचे डोळे पाणावले होते.

"मी माझं म्हणणं मागे घेतो," ते म्हणाले. "ती म्हातारी... ती निळी उशी तिने उचलली ना, तशी उशी आमच्या आईची होती. पहिल्या पाच चित्रपटांत असं काही नाही. जावईबापू, तुमचंच खरं."

"निळी नव्हती, फुलाफुलांची होती," मागून एक बाई म्हणाल्या.

"दोन्ही होत्या," औषधवाला म्हणाला. या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

टाळ्या झाल्या. चष्मेवाला जिंकला होता, आणि दादांचं आधीचंच म्हणणं बरोबर होतं हे ठाऊक असलेला तिथे तो एकटाच होता.

परतताना बायकोने त्याचं कोपर धरलं. "हं, आता सांगा."

तो पूल येईपर्यंत बंद दुकानांच्या पाट्या वाचत राहिला.

"काय झालं? तोंड का शिवलंय?"

"अगं, मी आज जागा होतो," तो म्हणाला. "पहिल्यांदाच." आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. झोप, स्वप्नं, किटली.

ती कठड्याशी थांबली. "म्हणजे आजवर जे जे सांगितलंत, ते त्या सिनेमांत नव्हतं?"

"नव्हतं."

"मला कुठलं कळायला. दिवे गेले की मी संपले. दिवसभर त्या खिडकीत बसून जीव जातो हो. मी येते ती घरी जाताना ऐकायला." ती पाण्याकडे बघत राहिली. "आणि आज तुम्ही जागे राहिलात. आता मी काय ऐकू? किटली?"

"चुकलं माझं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच फार वाईट वाटलं.

मग तिने पुन्हा त्याचा हात धरला. "त्या म्हातारीला उशीतून काय ऐकू येतं?"

"माहीत नाही. तिथेच दर वेळी जाग येते."

"असं अर्धवट सोडून कसं चालेल?" दोघं चालू लागली. पूल संपता संपता ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी आधी जेवू या आणि मग जाऊ. चांगलं पोटभर."