मुंजाजीरावांचं सातवं खुराडं

मुंजाजीराव आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कपाला हात लावण्याआधी त्यांनी माझ्या बायकोला पलंगावर बसून डावा हात लांब करायला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मुंजाजीरावांकडे पाहिलं. ते टेप काढून तयार होते.

"ताई, खांदा हालवू नका. खुराड्याचं माप हाय."

दुसरं काही सुचेना म्हणून तिनं हात लांब केला. माप पेन्सिलीनं तळहातावर लिहून, चहा उभ्याउभ्याच संपवून गृहस्थ निघूनही गेले. पुढचे दोन दिवस मला ऐकून घ्यावं लागलं, की तुमच्या शेजाऱ्यांनी मला कोंबडीत जमा केलंय.

मानवतला आमच्या परसाला लागूनच त्यांचं घर. एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर गाड्यांचे पत्रे ठोकलेला माणूस. निवृत्त झाला तरी हात स्वस्थ बसेनात. झरीच्या कुणाकडून त्यांनी बुटक्या जातीच्या कोंबड्या आणल्या. एक कोंबडा आणि तीन कोंबड्या, चौघं मिळून एका पिशवीत मावतील एवढ्याच. यांची पिल्लं काढायची म्हणून मुंजाजीराव खुराडं बांधत होते. बांधत होते म्हणजे बांधून मोडत होते. बुटक्यांना उंच दांडी जमत नाही म्हणून दांडी खाली आली. मग छत खाली आणलं, तर कोंबड्याचा तुरा घासायला लागला. छत वर नेलं, तर मांजर सहज शिरेल अशी फट राहिली. दर वेळी ते दोन पावलं मागे सरकत, मान वाकडी करून बघत आणि म्हणत, "जमना. इस्कटा." मोडणारे तेच आणि बांधणारेही तेच, पण हुकूम मात्र हाताखाली दहा माणसं असल्यासारखा.

सातव्या खुराड्याला चाकं आली. मी विचारलं, कोंबड्या कुठं गावाला निघाल्यात का? "गरज पडंल," एवढंच म्हणाले आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागले.

खरं तर त्या घरात कोंबड्यांचा कारभार त्यांच्या बायकोचा, कौशल्याकाकूंचा. अंगणभर पंधरा गावरान कोंबड्या असत आणि काकू त्यांना नावानिशी शिव्या देत. गेल्या वर्षी काकूंना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. त्या दवाखान्यातून परत येईपर्यंत मुंजाजीरावांनी सगळ्या कोंबड्या गल्लीत वाटून टाकल्या होत्या. बघणार कोण, असं त्यांना वाटलं. काकूंनी रिकामं अंगण पाहिलं आणि नवऱ्याशी बोलणंच टाकलं. आमच्याशी हळूहळू का होईना बोलत. नवऱ्याला मात्र नुसती मान हलवून उत्तर.

मधल्या काळात एक बुटकी दोनदा खुडूक झाली, अंड्यांवर ठाण मांडून बसली. पहिल्यांदा तिसऱ्याच दिवशी यांना कडी चुकीची वाटली. ठोकाठोक झाली, कोंबडी उठली, अंडी गार पडली. दुसऱ्यांदा दार बदलताना तेच. तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा फाल्गुन संपत आला होता. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन तापलं की अंडी वाया जातात. आता पिल्लं निघाली नाहीत तर पावसाळ्यापर्यंत नाव काढायला नको, हे त्यांनीच मला चारदा ऐकवलं. मी म्हटलं, मग एकवीस दिवस पान्याला हात लावू नका. ते हो म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी चाकं कुरकुरली. मी धावत गेलो. कोंबडीसकट खुराडं हळूहळू ढकलत त्यांनी ओसरीवर आणलं होतं आणि काकूंच्या पलंगाला टेकवलं होतं. दार डाव्या हाताच्या बाजूला. माझ्या बायकोचा डावा हात का मोजला, ते मला तेव्हा कळलं. बोलतच नसलेल्या काकूंकडे माप मागणार कसं? पण माझ्या बायकोचा हात काकूंपेक्षा लांब, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दार चार बोटं लांब पडलं होतं.

"जमना," मुंजाजीराव म्हणाले आणि पाना काढला. पुढचा शब्द निघायच्या आत काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. ती बसलीय. तुमी बी बसा."

मुंजाजीराव फरशीवर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो. पाना त्यांनी बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावरान कोंबडी एका हातानं उचलत न्हाई, सर. म्हणून ही आणली."

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो, याची मला फार लाज वाटली.

उरलेले दिवस ते पलंगाशेजारीच बसून होते. पायाची बोटं तेवढी सारखी हलत. सात पिल्लं निघाली. ती आईपासून लांब लांब पळायला लागली, तेव्हा एका सकाळी काकू पलंगाच्या कडेला सरकल्या आणि त्यांनी डावा हात दारातून आत घातला. कोंबडी फडफडली आणि निसटली. मी मदतीला पुढं झालो, तर मुंजाजीरावांनी मानेनंच नको म्हटलं. स्वतःचे दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

काकूंनी पुन्हा हात घातला. या वेळी कोंबडी मांडीवर आली आणि पदरात मुकाट बसली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"आता काढा की हात," त्या म्हणाल्या.