कप्तानचा दुखरा पाय

गुडघ्याच्या डॉक्टरांनी पीटीच्या मास्तरांना दोनच रस्ते सांगितले होते. दोन महिने सकाळ-संध्याकाळ चालायचं, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं. मास्तरांना दोन्ही नापसंत. ऑपरेशनचं नुसतं नाव निघालं की ते विषय बदलायचे, आणि चालण्याबद्दल म्हणाल, तर अख्खी नोकरी त्यांनी झाडाखाली खुर्ची टाकून, तोंडात शिट्टी धरून, दुसऱ्यांना पळवण्यात घालवली होती.

सून बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. 'मला नाही जमणार' म्हणणाऱ्याकडून हवं ते करून घेणं हे तिचं रोजचंच काम. तिनं वाद घातला नाही. ड्युटीवरून येताना एक कान पडलेलं, तांबूस कुत्रं घेऊन आली.

"बाबा, आम्ही दोघं कामाला जातो. याला फिरवून आणायचं तेवढं तुमच्याकडे."

"मी काय कुत्र्याचा नोकर आहे?" मास्तर गरजले. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याचं नाव कप्तान ठेवलं होतं, आणि पट्टा दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते.

आठवडाभर जोडी नेमानं फिरली. मग एकदा कप्तानच्या पंजात खडा रुतला आणि तो लंगडला. मास्तरांनी खडा काढला, बिचाऱ्याला कोपऱ्यावरूनच माघारी आणलं, आणि खुर्चीत बसून आपल्या चहातलं अर्धं बिस्कीट त्याला भरवलं. दुसऱ्या दिवशी कप्तान फाटकातच लंगडला. तिसऱ्या दिवशी पट्टा हातात घेतल्याबरोबर. इतक्या लवकर धडा गिरवणारा विद्यार्थी मास्तरांना आजवर मिळाला नव्हता.

दुखणारा पाय कधी डावा असतो, कधी उजवा, हे मास्तरांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! चालणं तर टळलंच, वर मुक्या जिवाची काळजी घेतो म्हणून नाव झालं. मास्तर गप्प राहिले आणि बिस्किटं चालू राहिली.

त्यांचा मुलगा फार हळवा. त्यानं पायाला पट्टी बांधली. ती कप्ताननं चावून अर्धी गिळली. संशय नको म्हणून मास्तरांनी आपलं गुडघ्याचं तेल चोळलं; ते कप्ताननं चाटलं आणि तो नव्या सोफ्यावर ओकला. शेजारच्या काकू आजाऱ्याला बघायला म्हणून येताना केक आणू लागल्या. न चालणारा कप्तान खाऊन खाऊन पिंपासारखा गोल झाला. पायरी चढताना तो खरोखरच धापा टाकायला लागला, तेव्हा मात्र मुलगा घाबरला आणि सगळी वरात जनावरांच्या दवाखान्यात निघाली.

तिथली डॉक्टरीण मास्तरांना पाहताच उठून उभी राहिली. "सर! ओळखलंत? तुमच्या तासाला जिचा कायम पाय मुरगळायचा, ती मी."

"आठवतं की! फार सोसलंस गं, बाळ."

"हो ना, सर," असं म्हणून ती कप्तानकडे वळली. "कुठला पाय?"

"डावा," मुलगा म्हणाला.

"उजवा," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय दाबून पाहिले. "हे तेल कसलं?"

"माझंच आहे. चांगलं महागाचं."

"माणसाचं औषध यांना कधी लावायचं नाही, सर. चाटतात, पोटात जातं. केक तर अजिबात बंद. आणि मधेच कोणी बिस्कीट वगैरे?"

"छे, छे!" मास्तर म्हणाले.

टेबलावर कप्ताननं तत्परतेनं डावा पाय उचलला.

"बिस्कीट?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. कप्ताननं पाय बदलला.

मास्तर मनातल्या मनात हिशेब करू लागले. कप्तान धडधाकट ठरला की उद्यापासून चालणं, आणि चालणं नाही झालं की ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी बाप-लेकाला बाहेर बसवलं आणि दार लावून त्या मास्तरांच्या सुनेशी बराच वेळ बोलल्या.

"दुखणं जुनाट आहे, सर," बाहेर येऊन त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पायावर भार नको. पण घरात कोंडलंत तर झुरेल तो. सकाळ-संध्याकाळ मोठी फेरी हवी, गाडीत बसवून."

"आमच्या वॉर्डात एक जुनी बाबागाडी पडून आहे," सिस्टर लगेच म्हणाली.

"आणि ती ढकलायची कोणी?" मास्तरांनी बारीक आवाजात विचारलं.

"त्याला लळा तुमचाच आहे, बाबा."

नाटक आहे म्हणावं, तर ते बसवलं कोणी हेही सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! दुसऱ्या दिवसापासून मास्तर बाबागाडी ढकलत निघाले आणि कप्तान आत बसून पाहणी करू लागला. आधी मास्तर मान खाली घालून भिंतीच्या कडेनं जायचे. पण दांड्याचा आधार मिळाल्यानं गुडघे कुरकुरेनासे झाले, आणि "आजोबा, या वयात केवढं करता हो!" असं लोक म्हणू लागल्यावर मानही वर आली. खरं सांगायचं तर त्यांना मनापासून लाज वाटत होती. या जिवाला आपण आपल्या आळसापायी बिघडवलं, हे त्यांना रोज दिसत होतं. त्यांनी चहाबरोबरचं स्वतःचं बिस्कीटसुद्धा सोडलं. कप्तानचं लंगडणं मात्र काही थांबेना.

दोन महिने झाले. गुडघ्याच्या डॉक्टरांनी मास्तरांचे पाय वाकवून पाहिले, वजन पाहिलं आणि म्हणाले, "ऑपरेशन कशाचं करू? असेच चालत राहा."

घरी आल्या आल्या मास्तरांना राहवेना. "सूनबाई, याचा पाय कधी दुखतच नव्हता गं. मीच बिस्किटं देऊन त्याला लबाडी शिकवली."

"ठाऊक आहे, बाबा. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं."

"मग आता का लंगडतो? मी तर बिस्कीट कधीच बंद केलंय!"

"त्यानंही लंगडणं तेव्हाच सोडलं होतं. गाडीत बसायलाच तयार होईना." सिस्टर शांतपणे म्हणाली. "तुम्ही दुपारी झोपलात की मी त्याला गच्चीवर पळवते. वजन उतरायला नको का त्याचं? मग खाली येताना शिकवणी. नीट लंगडला की गाजराचा तुकडा."

मास्तरांनी तिच्यापुढे हात जोडले. म्हणाले, "सूनबाई, तू आमच्या शाळेत असतीस, तर मला कोणी नोकरीवर ठेवलं नसतं. चल, आज ती गाडी राहू दे. तिघं मिळून चालत जाऊ."

त्यांनी पट्टा उचलून हाक मारली. कप्तान चारी पायांवर धावत आला. समोर पट्टा घेतलेले मास्तर, शेजारी गाजरवाली सिस्टर. नक्की कोणाचा तास चालू आहे, ते त्याला कळेना. त्यानं दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि खबरदारी म्हणून पुढचे दोन्ही पाय उचलले.