नरसय्यामामांचं कोपर

लग्नाच्या पंगतीत पाटावर बसल्याबरोबर आमचे शेजारी नरसय्यामामा दोन्ही कोपरं पंखांसारखी बाहेर काढून हलवून बघत. शेजारच्याला लागली की झालं! "अय्यो, सरका की जरा! हितं जेवायचं हाय का कोंबायचं हाय?" मग अख्खी रांग कुरकुरत सरकायची आणि शेवटचा पाहुणा पत्रावळीसकट मांडवाबाहेर उन्हात जायचा.

ही खोड त्यांना धंद्यातून लागली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर हातमाग विकून त्यांनी अक्कलकोट रस्त्याला शेड टाकली आणि ब्रॉयलर कोंबड्या पाळल्या. तेव्हा सोलापुरात हे नवलच. आमची गल्ली टांगे करून बघायला गेली होती. पिल्लं नवी पेठेतला एक शेठ द्यायचा आणि वाढली की तोच उचलून न्यायचा. मामांचं म्हणणं एवढंच, की कोंबडीला पंख पसरता आले पाहिजेत आणि दुसरीला तुडवल्याशिवाय पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे. दाटी झाली की खाली अंथरलेला भुसा ओला होतो, वासानं डोळे झोंबतात, कोंबड्यांचे तळवे सोलतात, आणि आपल्या मे महिन्यात तर चोची उघड्या टाकून धापाच! हे सगळं ते जेवताना रंगवून सांगत. म्हणून आमची आई त्यांना फक्त चहाला बोलवायची.

शेठला हे मान्य नव्हतं. "मामा, निम्मी शेड मोकळी दिसतीया. अजून तेवढीच मावतील."

"मावतील की," मामा गोड हसले. "या, च्या घेऊ."

त्यांनी शेठला, त्याच्या मुनीमाला, दोन हमालांना आणि उगाच बघायला गेलेल्या मला खाद्याच्या खोलीत पोत्यांच्या फटीत बसवलं. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. चहा ठेवला दाराशी. "घ्या की! मावलात न्हवं समदे?"

चहापर्यंत एकाचाही हात पोचेना. हमाल शेठच्या पायावर, मुनीम माझ्या पोटावर, आणि वर पत्रा तापलेला. शेवटी शेठ ओरडला, "जास्त पिल्लं घ्यायची नसतील, तर पुढची खेपच बंद!"

आणि बंद झालीच. शेड रिकामी पडली. मामी वारलेल्या, मुलं माग चालवायला भिवंडीला गेलेली. मामांना बोलायला त्या कोंबड्याच काय त्या होत्या.

उन्हाळा सरता सरता शेठ जरा नरमला. "थोडी तरी वाढवा म्हणावं," हा त्याचा निरोप घेऊन मी एका दुपारी मामांकडे गेलो. माग गेल्यापासून खोली ऐसपैस झाली होती. मोठी सतरंजी अंथरलेली, आणि मामा तिच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन पडलेले.

"मामा, पसरून झोपा की!"

"झोपलो व्हतो एकदा. कुणाचं कोपरच लागंना. झोप येत न्हाय रे."

पूर्वी ह्याच सतरंजीवर, मागाच्या आणि चुलीच्या मधे, सगळं घर एका ओळीत झोपायचं.

मी निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. "शेठला न्हाय म्हण. आमी दाटीनं निजायचो ते आपल्या माणसांत, आपल्या खुशीनं. कोंबड्यास्नी कोण इचारतंय, दाटी चालंल का म्हणून?"

मला फार वाईट वाटलं. मग मी सरळ त्यांच्या शेजारी आडवा झालो आणि मुद्दाम कोपर लावलं.

"सरक की," असं काही मामा म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं घोरायला लागले.